तुझ्या तक्रारीच्या मसुद्याबद्दल

चि. सोनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला मसुदा मी सावकाश वाचला. ज्या गेमची तू इतकी वाट पाहिलीस तो हाती आल्यावर तुझा विरस झाला, याचे मला खरोखरच वाईट वाटले. ‘खेळच तर आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे मी म्हणणार नाही, कारण पैसे मोजून घेतलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे चालली नाही तर तक्रार करण्याचा अधिकार ग्राहकाला असतोच, मग ती वस्तू खेळ असो वा आणखी काही. मात्र ‘इंटरनेटवर टाकण्याआधी एकदा नजर घाल’ असे तू म्हणालास, आणि माझी नजर सॉफ्टवेअरच्या चाचणीत, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधण्यात मुरलेली आहे, तेव्हा मजकुरावर लाल शाई उमटणार हे तू गृहीत धरले असशीलच.

पहिल्या परिच्छेदाला मी जवळजवळ हात लावलेला नाही. ‘पुलावर सेव्ह करून गेम बंद केला आणि पुन्हा उघडला की पात्र पुलाखालच्या पाण्यात असते, तिथून बाहेर पडता येत नाही आणि आधीची सेव्हही पुसली गेलेली असते’ हे तुझे वाक्य आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना नमुना म्हणून दाखवावे इतके चांगले आहे. काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे सारे त्यात आले. गेमची आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरचा क्रमांक तेवढा जोड, आणि हे दर वेळी घडते की कधी कधी, तेही लिही. कधी कधी घडणारे बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, फार चिवट असतात आणि ‘आमच्याकडे असे होत नाही’ असा शेरा मारून त्यांची नोंद बंद करण्याचा मोह सुटता सुटत नाही. तो मोह मी जवळून पाहिला आहे.

या परिच्छेदाला जोर यावा म्हणून तू सायबरपंक 2077 चा दाखला दिला आहेस. दाखला योग्य आहे, पण तू तो अर्धाच सांगितलास. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने हा गेम 2012 मध्ये जाहीर केला आणि 10 डिसेंबर 2020 रोजी बाजारात आणला. त्या एका वर्षात त्याची तारीख तीनदा पुढे गेली, आणि तरीही 80 लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम ‘गोल्ड’ झाला, म्हणजे वितरणासाठी सिद्ध झाला, असे कंपनीने सांगितले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा तारीख बदलली, कारण एकाच वेळी नऊ आवृत्त्या तयार करून तपासायच्या होत्या. नऊ आवृत्त्या हे वाचून आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ प्रत्येक दुरुस्ती नऊ ठिकाणी नव्याने तपासायची असा होतो. परिणाम तुला ठाऊकच आहे. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळण्याच्या जुन्या यंत्रांवर, रस्ते ओस, चेहरे धूसर आणि गेम मध्येच बंद; प्लेस्टेशन हा कन्सोल बनवणाऱ्या सोनीने सुमारे आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि जून 2021 पर्यंत परत ठेवला नाही.

मला यात सर्वांत अधिक खटकते ती गोष्ट मात्र तुझ्या मजकुरात नाही. प्रकाशनापूर्वी समीक्षकांच्या हाती जी प्रत दिली गेली ती पीसीची होती, आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये त्या समीक्षणांत दाखवण्याची मुभाही त्यांना नव्हती. ज्या यंत्रांवर गेम कोलमडत होता त्या यंत्रांवर तो कसा चालतो, हे ग्राहकाला पैसे देऊन झाल्यावरच कळले. बग राहून जाणे हे आमच्या धंद्यात रोजचेच आहे. ते ग्राहकाला वेळेत कळण्याची वाट बंद राहणे हा मात्र कुणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि तुझ्या तक्रारीचा रोख अशा निर्णयांवर असायला हवा. कंपनीच्या सहसंस्थापकांनी जानेवारी 2021 मध्ये दिलेले तांत्रिक कारण मला पटण्यासारखे वाटते. गेम आधी पीसीवर भव्य करायचा आणि मग जुन्या कन्सोलवर बसवायचा असे त्यांनी ठरवले होते, पण शहर इतके दाट होते की त्यातल्या वस्तू आणि दृश्ये डिस्कवरून सतत मेमरीत आणत राहणे जुन्या कन्सोलच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच निवेदनात, आमच्या संघांना दोष देऊ नका, प्रकाशनाचा निर्णय माझा आणि संचालक मंडळाचा होता, असेही त्यांनी सांगितले. ही बाब लक्षात ठेव. तिसऱ्या परिच्छेदाशी तिचा संबंध आहे.

दुसऱ्या परिच्छेदावर मात्र मी बरीच काटछाट सुचवते आहे. ‘दाखवले एक आणि दिले दुसरेच’ असे म्हणून तू जी यादी दिली आहेस तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. पाऊस सुरू झाला की शत्रू आडोशाला जातात, हे कंपनीच्या ट्रेलरमध्ये स्पष्ट दिसते आणि गेममध्ये नाही. ते ठेव आणि ट्रेलरमधली नेमकी वेळही लिही. प्रत्येक गावात वेगळी बोली ऐकू येईल, हे कुणीतरी मुलाखतीत म्हणाले होते. तेही ठेव, पण मुलाखतीतले म्हणून ठेव. बुडालेल्या नगरीत उतरता येणार, हे मात्र मला कुठेही सापडले नाही. ट्रेलरच्या एका दृश्यात पाण्याखाली ओझरता दिसलेला कळस पाहून तुम्ही मित्रांनी काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि महिनोन्महिने त्यावर चर्चा झाल्यामुळे ते वचनच होते असे तुम्हा सर्वांना आता वाटू लागले आहे.

हा फरक मी वकिली काथ्याकूट म्हणून करत नाही. नो मॅन्स स्कायच्या बाबतीत याच फरकावर सारे प्रकरण अडले होते. इंग्लंडमधल्या हॅलो गेम्सच्या मूठभर माणसांनी तो बनवला आणि ऑगस्ट 2016 मध्ये तो आला. अठरा क्विंटिलियन ग्रह, म्हणजे 18 वर आणखी अठरा शून्ये, या आकड्याने लोकांची झोप उडवली होती. मला त्या आकड्याची गंमत वाटते, कारण तो 2 चा 64 वा घात आहे. चौसष्ट बिटांत जितक्या निरनिराळ्या संख्या मावतात तितके ग्रह. एकेक संख्या सूत्रात घालायची आणि तिच्यातून एकेक ग्रह निघायचा. म्हणजे ज्या आकड्याने सगळे दिपून गेले तो त्या गेममधला सर्वांत सहज मिळालेला भाग होता; अवघड होते ते त्या ग्रहांवर गेल्यावर करण्यासारखे काही असणे. आणि नेमके तेच थोडे होते. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांना एकमेक दिसले नाहीत, तेव्हा प्रकाशनाआधीच्या मुलाखतींतून ‘दुसरा खेळाडू भेटू शकतो, पण शक्यता फार कमी’ असे ऐकलेल्या लोकांचा संताप रास्तच होता. पण ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे ज्या तक्रारी गेल्या त्या स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या गेमच्या विक्रीपानाबद्दल होत्या. संस्थेने त्या पानावरची चित्रे, चित्रफिती आणि मजकूर तपासून नोव्हेंबर 2016 मध्ये तक्रारी फेटाळल्या. मुलाखतीत ऐकलेले, पानावर वाचलेले आणि मनात रंगवलेले हे सारे खेळाडूंच्या डोक्यात एक झाले होते. तपासणाऱ्यांच्या पुढे त्यातले एकच होते.

तू म्हणशील की मनात रंगवायला लावले कुणी? हा प्रश्न मला मान्य आहे. कळस अर्धवट दाखवायचा आणि बाकीचे तुमच्यावर सोडायचे, हे ट्रेलर बनवणाऱ्याला चांगले कळते. वाट पाहण्याच्या काळात कंपनीकडे विकायला गेम नसतो, उत्सुकताच असते, आणि प्री-ऑर्डर म्हणजे त्या उत्सुकतेची वसुली. डिस्कच्या प्रती दुकानात संपून जायच्या त्या काळी आगाऊ नोंदणीला काही अर्थ होता. जी फाइल कितीही जणांनी उतरवून घेतली तरी संपत नाही तिची आगाऊ नोंदणी कशासाठी, याचे उत्तर एखादी जादा तलवार किंवा रंगीत अंगरखा एवढेच मिळते. त्या अंगरख्याच्या बदल्यात ग्राहक आपली सर्वांत मोठी सोय, म्हणजे समीक्षणे वाचून नकार देण्याची सोय, विकून बसतो. हे तू लिहावेस असे मला वाटते. तुझ्या मसुद्यात यावर एक ओळही नाही, आणि त्या बुडालेल्या नगरीवर मात्र सात ओळी आहेत.

आता तिसरा परिच्छेद. तो मी पूर्ण खोडला आहे. ‘आळशी डेव्हलपर’ हे शब्द आणि त्यापुढे एका डिझायनरचे नाव घेऊन जे लिहिले आहेस, त्यातले काहीही सिद्ध करण्याची सामग्री तुझ्याकडे नाही. बाहेरून आळस दिसतो तिथे आत काय असते, याचा एक नमुना सांगते. एलियन्स: कलोनियल मरीन्स हा गेम 2013 मध्ये आला तेव्हा त्यातले राक्षस मूर्खासारखे वागतात म्हणून त्याची यथेच्छ टिंगल झाली. काही वर्षांनी एका खेळाडूला गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका शब्दात एक अक्षर जास्त पडलेले आढळले. ते काढताच राक्षसांच्या हालचालींत लक्षणीय सुधारणा झाल्याचे अनेकांनी अनुभवले. त्या गेमचे सगळेच दुखणे त्या अक्षरात नव्हते, पण ज्याला सारे जग आळस म्हणत होते त्यातला एक भाग कुणाच्याही नजरेस न पडलेली टंकनाची चूक होती. प्रकाशनापूर्वीच्या दिवसांत चाचणी करणाऱ्यांच्या याद्यांत शेकडो नोंदी उघड्या असतात, आणि त्यांतल्या कोणत्या दुरुस्त करायच्या, कोणत्या तशाच सोडायच्या आणि तारीख पाळायची की नाही, हे ठरवणारी माणसे वेगळी असतात. तू ज्याचे नाव घेतलेस त्याने कदाचित पुलाच्या बगची नोंद स्वतःच करून ठेवली असेल.

शिवाय शिव्यांचा उपयोग कुणाला होतो, याचाही विचार कर. नो मॅन्स स्कायची तारीख काही आठवड्यांनी पुढे गेली तेव्हा त्याच्या प्रमुखाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये सायबरपंकच्या डेव्हलपरांनाही त्याच कारणासाठी आल्या. म्हणजे उशीर झाला म्हणून धमक्या, आणि मग अपुरा गेम दिला म्हणून संताप. अशा धमक्या आल्या की चर्चेचा विषय बदलतो. सेव्ह का पुसली जाते हे बाजूला पडते, खेळाडू किती विषारी आहेत यावर लेख येऊ लागतात, आणि उत्तर देण्याच्या जबाबदारीतून कंपनी अलगद सुटते. तू धमकी दिलेली नाहीस, हे मला दिसते आहे. पण तुझ्या खाली जो लिहील त्याला नाव तू पुरवले असतेस.

चिडलेल्या खेळाडूंनी काही मिळवले ते मागणी नेमकी होती तेव्हा. नोव्हेंबर 2017 मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2 मध्ये मोठी पात्रे मिळवायला किती तास घालवावे लागतील याचे गणितच लोकांनी मांडले आणि प्रकाशनाच्या तोंडावर ईए या प्रकाशक कंपनीला गेममध्ये पैसे देऊन होणारी खरेदी थांबवावी लागली. पुढे बेल्जियमच्या नियामकांनी गेममधल्या अशा विकतच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल हे नशिबावर असलेल्या पेट्यांना, जुगाराच्या कायद्याखाली आणले. मे 2024 मध्ये हेलडायव्हर्स 2 च्या पीसी खेळाडूंवर सोनीच्या खात्याची सक्ती आली, तेव्हा स्टीमवर नापसंतीच्या रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच सोनीने सक्ती मागे घेतली. मास इफेक्ट 3 च्या शेवटावर रुसलेल्यांची युक्ती मला सर्वांत आवडते. निवड कोणतीही करा, शेवट जवळपास तोच, फक्त रंग वेगळा, ही तक्रार त्यांनी गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीकडे सुमारे 400 कपकेक पाठवून मांडली. वरचे आयसिंग तीन रंगांचे आणि चव सगळ्यांची एकच. त्याच वर्षी, जून 2012 मध्ये, कंपनीने विस्तारित शेवट मोफत दिला. केकमुळे दिला असे मी म्हणत नाही, पण त्या केकचा अर्थ लावायला कुणाला समितीही नेमावी लागली नसेल.

‘पुढे पॅच (दुरुस्त्या) येतील, सगळे ठीक होईल’ असे तुझा मित्र म्हणतो, त्यावर फार विसंबू नकोस. नो मॅन्स स्काय वर्षानुवर्षे मोफत अपडेट देत सावरला आणि सायबरपंकही 2023 च्या 2.0 आवृत्तीनंतर नावाजला गेला, हे खरे. पण अँथेम या गेमची घोषित फेरउभारणी 2021 मध्ये अर्ध्यावरच सोडून दिली गेली. तुझा व्यवहार आज मिळालेल्या गेमचा आहे.

स्टीमवर रिफंडचा सर्वसाधारण नियम खरेदीपासून चौदा दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ असा आहे, आणि आगाऊ घेतलेल्या गेमचे चौदा दिवस प्रकाशनापासून मोजतात. त्या पुलापर्यंत पोहोचायलाच दोन तासांहून अधिक लागले असणार, तेव्हा पैसे आपोआप परत येतील असे समजू नकोस. मात्र मर्यादेबाहेरच्या अर्जांचाही विचार होतो, म्हणून अर्ज आजच कर आणि कारणाच्या चौकटीत पहिला परिच्छेद जसाच्या तसा घाल. तोवर गेम उघडू नकोस, म्हणजे खेळलेले तास आणखी वाढणार नाहीत. सुधारलेला मसुदा पाठवलास की शुद्धलेखन मी पाहून देईन. ‘निराशाजनक’ तू दोन्ही ठिकाणी चुकीचे लिहिले आहेस.

तुझी,
आई