सिनेमा घरातला, टीव्ही घरातला. मग प्लॅन कशाला वाढवायचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सांगलीत हल्ली कुणाच्याही घरी टीव्हीवरचं चित्र अडकून गोल चक्र फिरायला लागलं, की इंटरनेटवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं : "मॅडम, तीस मेगाबिटमध्ये नाही भागत आता, शंभरचा प्लॅन घ्या." बाहेरून येणारा व्हिडिओ अडकत असेल तर त्यात तथ्य असेलही. पण आमच्यासारख्या कितीतरी घरांत टीव्हीवर जे लागतं ते बाहेरून येतच नाही. सिनेमा खालच्या खोलीत कॉम्प्युटरवर, टीव्ही माडीवर आणि मधे एक राउटर, म्हणजे वाय-फायचा डबा. कॉम्प्युटरवरचं एक सॉफ्टवेअर त्यातून सिनेमा टीव्हीला पुरवतं. यातलं काहीही उंबऱ्याबाहेर जात नाही. तरी उपाय काय, तर महिन्याचं बिल वाढवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते. शिकले ते कॉमर्स. पण घरातलं हे सगळं लावायचं आणि बंद पडलं की बोलणी खायची, ही दोन्ही कामं माझ्याकडे आहेत, म्हणून थोडं हक्कानं लिहिते.

मी म्हणते ते खरं की खोटं, हे कुणालाही घरी बघता येईल. बाहेरून येणारी इंटरनेटची बारीक फायबर वायर डब्यातून हलकेच काढा. वाकवू नका आणि टोकाला डोळा लावून आत बघू नका. इंटरनेट गेलं, तरी घरातलं वाय-फाय चालूच राहतं. आता टीव्हीतल्याच साध्या मीडिया प्लेयरमधून कॉम्प्युटरवरचा सिनेमा लावा. लागला ना? मग त्याचं प्लॅनशी काही देणंघेणं नाही. आणि पहिल्याइतकाच अडकला, तर दोषही घरातच शोधायचा. फक्त काही सॉफ्टवेअर आधी कंपनीच्या खात्यात लॉगिन मागतात. ती नेटशिवाय रुसून बसतात, त्यांच्यावर ही परीक्षा घेऊ नका.

हा चार हौशी लोकांचा प्रश्न आहे असं कुणाला वाटेल. सांगलीपुरतं तरी तसं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, तिथे घरोघरी कपाटांत स्पर्धांच्या आणि हौशी मंडळींच्या प्रयोगांच्या सीडी आहेत. ओळखीच्या व्हिडिओवाल्यानं शूटिंग केलं, मोजक्या प्रती काढल्या, विषय संपला. त्या कुठल्या ॲपवर मिळणार? शिवाय लग्नं, मुंजी आणि विकत घेतलेले सिनेमे. यातलं बरंच २०१९ च्या महापुरात गेलं, काही २०२१ ला. गावभागात पाणी ओसरल्यावर आमच्या कपाटाचा खालचा खण उघडला, तर डिस्कची चळत गाळानं चिकटून एकजीव झालेली. साध्या पाण्यात एकेक सोडवली आणि मऊ सुती फडक्यानं मधून कडेकडे पुसली. गोल गोल पुसायचं नाही, कारण गोल ओरखडा नेमका वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवर पडतो. व्हीसीडींचं, म्हणजे व्हिडिओच्या सीडींचं, लेबल भिजून निघालं आणि त्याबरोबर चंदेरी थराची सालपटंही आली. डिस्क उजेडात धरली तर आरपार दिसायचं, त्या गेल्याच. डीव्हीडी मात्र बऱ्याच वाचल्या. सीडीचा चंदेरी थर वरच्या अंगाला नुसत्या लॅकरखाली असतो, डीव्हीडीचा दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मधे. वाचलं तेवढं सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. (आमचं आम्ही घरात बघायला, गल्लीत वाटायला नाही, हेही सांगून ठेवते.) सासऱ्यांचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत. ते माडीवर बसून हेच बघतात, आणि मधेच थांबलं की वरून हाक येते.

आता हिशेब, तो माझा धंदाच. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला फार तर ९.८ मेगाबिट लागतात. व्हीसीडीचं १.१५ मध्ये भागतं. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कच्या चित्राची कमाल मर्यादा ४०. टीव्हीच्या पाठीमागे लॅनचं, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या वायरचं, जे भोक असतं, ते बहुतेक टीव्हींत १०० मेगाबिटचं. म्हणजे वायरनं जोडलं तर ब्लू-रेसुद्धा आरामात जाते. ज्या घरात डीव्हीडीदेखील अडकते, तिथे वाय-फायची अवस्था किती वाईट असेल याचा अंदाज यावरून करावा.

राउटर बसवतात कुठे? वायर जिथे घरात शिरते तिथे. येणाऱ्या पोराला पुढच्या घरी जायची घाई असते, त्यालाही किती बोलणार? मग डबा दारावर, मीटरशेजारी, नाहीतर शोकेसमध्ये टीव्हीच्या मागे. गावभागातल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला सिग्नल त्यातून कसाबसा पलीकडे जातो, पण त्याच पट्ट्यात आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर बोलत असतात, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की जास्त अडकतं ते यामुळे. ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण जाड भिंत आली की तो नांगी टाकतो. मधे लोखंडी कपाट असेल तर बोलायलाच नको.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही. कॉम्प्युटर आणि टीव्ही दोन्ही वाय-फायवर असतील, तर तोच सिनेमा हवेतून दोनदा जातो : कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. दोन्ही एकाच पट्ट्यावर असले की हाती येणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. सगळ्या घरात वायर फिरवणं जमत नसेल तर निदान कॉम्प्युटर तरी राउटरला वायरनं जोडा. आमचं निम्मं दुखणं तेवढ्यानंच गेलं. उरलेलं गेलं ते जिन्याच्या कडेनं वायर झाकणारी केसिंग पट्टी मारून माडीपर्यंत लॅन वायर नेल्यावर. ही वायर घेताना शुद्ध तांब्याची मागा. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त वायर सर्रास खपवतात. ती वळणावर तुटते, आणि मग दोष कुठे आहे ते शोधत बसा.

वायर नेली, तरी काही घरांत टीव्हीच्या यादीत कॉम्प्युटर दिसतच नाही. याचं कारण बहुधा दोन राउटर. कंपनीचा डबा स्वतःच राउटर असतो. त्याच्यापुढे आपण बाजारातून आणलेला दुसरा जोडतो आणि वायर त्याच्या वॅन लिहिलेल्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या, भोकात घालतो. झालं, एका घरात दोन घरं. खाली यंत्रांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे नेटवर्कचे पत्ते, वर १९२.१६८.० ने. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर "सिनेमे इथे आहेत" अशी दवंडी पिटत असतं, पण राउटर ती दवंडी पलीकडच्या वाड्यात जाऊ देत नाही. उपाय फुकटचा आहे. दुसऱ्या राउटरला पहिल्याच्या रांगेतला, पण वेगळा पत्ता द्यायचा, त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं आणि वायर वॅनमधून काढून लॅनच्या भोकात घालायची. टीव्हीला कॉम्प्युटर न दिसणं हे पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर टीव्ही जोडला तरी होतं, कारण त्या वाय-फायवरच्या यंत्रांनी घरातली बाकीची यंत्रं बघू नयेत अशीच सोय केलेली असते. विंडोजनं घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजून दार लावून घेतलेलं असतं, ते 'प्रायव्हेट' करा. आणि कॉम्प्युटर झोपत नाही ना, तेही बघा. स्क्रीन बंद झाली तर चालेल, पण तो स्लीपमध्ये गेला की माडीवर नाटक अर्ध्यात थांबणार.

एवढं करूनही अडलं तर फाइल तपासायची. तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावा. नीट चालली तर फाइल आणि टीव्ही दोघे निर्दोष, रस्त्यातच खोट आहे. (फाइल चार जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसत नाही, तो एक्सफॅट करून घ्या. आणि टीव्ही एक्सफॅट वाचतो ना, तेही आधी बघा.) दर वेळी नेमकी त्याच संवादावर अडकत असेल तर डिस्क उतरवतानाच ओरखड्यानं घात केलाय. ती डिस्क पुन्हा धुऊन दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एक ड्राइव्ह नाकारतो ते दुसरा कधीकधी वाचतो. सुरुवातीपासून थांबत थांबत चालतेय आणि खाली कॉम्प्युटरचा पंखा ओरडतोय, असं असेल तर टीव्हीला ती फाइल समजत नाही आणि बिचारा कॉम्प्युटर चालू सिनेमाचं रूपांतर करत बसलाय. जुन्या यंत्राला ते झेपत नाही. चित्राच्या रूपातली डीव्हीडीची सबटायटल्स चालू केली तरी हेच होऊ शकतं, कारण मग ती चित्रात कोरून पाठवावी लागतात. सबटायटल्स बंद करून बघितलं की पाच मिनिटांत कळतं. ती हवीच असतील तर मजकुराची एसआरटी फाइल वापरा, आणि देवनागरी असेल तर ती यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवा, नाहीतर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. त्यातूनही काही टीव्ही जोडाक्षरांची जी वाताहत करतात, ती बघवत नाही.

चित्र झकास, पण आवाज नाही? आवाज डीटीएस पद्धतीचा आहे का बघा. डीव्हीडीच्या काळातल्या काही हिंदी सिनेमांनाही तो असतो. काही मोठ्या कंपन्यांनी २०१८ पासूनच्या अनेक टीव्हींतून डीटीएस काढून टाकलं. जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल नव्यावर मुकी झाली की माणूस राउटरला शिव्या घालतो. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यानं चित्राला हात न लावता फक्त आवाज एसी-३ या दुसऱ्या पद्धतीत बदलता येतो. काम मिनिटांचं, एकदाच करायचं. एक्सव्हिड या जुन्या चित्रपद्धतीतल्या एव्हीआय फाइलींचीही नव्या टीव्हींवर हीच गत होते, पण त्यांचं चित्रच बदलून एच.२६४ या नव्या पद्धतीत करावं लागतं. त्याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवावं. व्हीसीडीतली डीएटी फाइल मात्र आतून साधी एमपीईजी-१ असते. तिचं नुसतं वेष्टण बदलून एमपीजी केली तरी बहुतेकदा चालते.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की यातली एकही गोष्ट प्लॅन वाढवून सुटत नाही. इंटरनेट सेवा देणाऱ्यांकडे माझं मागणं माफक आहे. जोडणी देताना टीव्ही कुठे आहेत ते विचारा. दोन मीटर वायर जास्त लागली तर पैसे घ्या, पण डबा घराच्या मधोमध बसवा. राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड ग्राहकाला लिहून द्या. आमच्याकडे तो मागितला तर "ते ऑफिसला माहीत असतं" असं उत्तर मिळालं. घर आमचं, वीज आमची आणि किल्ली ऑफिसला! विश्रामबागपासून कुपवाडपर्यंत नव्या इमारती होताहेत, तिथल्या बिल्डरांनाही सांगणं आहे. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये टीव्हीचा पॉइंट तुम्ही काढताच. त्याच पॉइंटपाशी आणखी एक पाइप टाकून त्यातून लॅन वायर ओढून ठेवा. प्लॅस्टर व्हायच्या आधी हे काम नगण्य आहे, नंतर भिंत फोडावी लागते किंवा आमच्यासारखी जिन्यातून पट्टी मिरवावी लागते.

टीव्ही विकणाऱ्यांनी, कोणत्या फाइली आणि कोणता आवाज चालतो, ते दुकानातच ग्राहकाला दिसेल असं लावायला हवं. खोक्यावर "फोर-के" आणि "स्मार्ट" एवढं मोठं छापतात, पण डीटीएस नाही हे बारीक अक्षरातही सापडत नाही. तोवर ग्राहकांनी आपल्या घरातल्या वेगवेगळ्या जातीच्या चार फाइली पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जावं आणि पैसे द्यायच्या आधी लावून मागाव्यात. माडीवरचा टीव्ही घेताना मी तसंच केलं. एका दुकानात "असं डेमोला लावत नाही" म्हणाले. दुसऱ्या दुकानातल्या मुलानं चारही फाइली लावल्या, एकीचा आवाज येत नाही म्हटल्यावर स्वतःहून शेजारचं मॉडेल लावून दाखवलं. ते आम्ही घेतलं.

आपली,
एक वाचक,
गावभाग, सांगली