माझा जुना कॅमेरा, ‘ट्रिप ३५’, चालता करणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘चहा घेणार का’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण जुने फिल्म कॅमेरे वापरणारी माझी मित्रमंडळी सारखी विचारतात, ‘तू कॅमेरे दुरुस्तीला कोणाकडे दाखवतेस?’ पत्ता कोणाला देऊ नकोस, हातातलीच कामं उरकत नाहीत, असं तुम्ही बजावलंय. नाव-पत्ता देत नाही. तुम्ही जे शिकवलंत तेवढं लिहिते. त्याला तुमची ना नसेल.

चार वर्षांपूर्वी तुमच्या जिन्याखालच्या खोलीत मी पहिल्यांदा आले ती रागाने आणि रडवेली होऊन आले होते. वर्षभर दर बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं आणि दिसला कॅमेरा की उचलायचा, असा माझा क्रम होता. घरात नऊ कॅमेरे झाले होते. दोन याशिका एमएफ-२, एक कोडॅक केबी १०, बाकी असेच. सगळे काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले. त्यातली ऑलिंपस ट्रिप ३५ सगळ्यात देखणी, म्हणून आजीच्या पंच्याहत्तरीला तीच घेऊन गेले. छत्तीस फोटो काढले. आजीला नातवंडांनी ओवाळलं ते, तिच्या तिन्ही बहिणी एका पलंगावर बसल्या होत्या ते, सगळं. रोल धुऊन आला तो कोरा. आरपार दिसणारी नुसती पट्टी.

ज्यांनी रोल धुतला त्यांच्याशी मी भांडून आले होते. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत, पट्टी खिडकीसमोर धरलीत आणि भिंग माझ्या हातात दिलंत. ‘कडेला बघ. आकडे उमटलेत ना? कंपनीचं नाव उमटलंय ना? म्हणजे औषध बरोबर होतं, धुणाऱ्याचं काही चुकलेलं नाही.’ मग फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, दाखवलीत. तिला साधी घडीसुद्धा पडलेली नव्हती. ‘ही चकरीत अडकलीच नाही. तू छत्तीस वेळा खटका मारलास, फिल्म जागची हलली नाही.’ शटरमध्येही दोष नाही ना, हे बघायला मागचं झाकण उघडून ट्रिप खिडकीकडे धरलीत आणि खटका मारलात. मधोमध उजेडाचा ठिपका लुकलुकला. कॅमेरा ठणठणीत होता.

त्या दिवशी तुम्ही मला रोल घालायला शिकवलंत, आणि आजही मी तसाच घालते. जीभ फटीत नीट खोचायची, भोकं दात्यांवर बसली का ते बघायचं, मागचं दातेरी चाक अंगठ्याने थोडं फिरवून फिल्म घट्ट धरली गेली याची खात्री झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. झाकण लावलं की डावीकडची गुंडाळायची कळ हलक्या हाताने फिरवून ढील काढायची. त्यानंतर चाक फिरवताना नजर त्या डावीकडच्या कळीवर. ती उलटी फिरायला लागली की फिल्म चालली. ‘वरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, तो फिल्म नसतानाही पुढे जातो. डावीकडची कळ खोटं बोलत नाही.’ हे वाक्य मी आतापर्यंत किमान वीस जणांना ऐकवलंय. त्यांच्यापैकी एकाचाही रोल कोरा गेला नाही, काका.

धुणाऱ्या दुकानात जाऊन माफी मागून ये, असंही तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत. मी गेले, माफी मागितली. त्याबद्दलही आभार. मला ते आपणहून सुचलं नसतं.

पुढच्या भेटीत तुम्ही ट्रिपचं पोट उघडून दाखवलंत. भिंगाभोवतीची ती मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी काच मला तोवर नुसती नक्षी वाटायची. तिच्या आत सेलेनियमचा सेल आहे, उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो, म्हणून या कॅमेऱ्याला बॅटरी लागतच नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्या इवल्याशा विजेवर एक काटा हलतो. बटण अर्धं दाबलं की काटा चिमटीत पकडला जातो आणि तो जिथे असेल त्यावरून भिंगाचं तोंड किती उघडायचं ते ठरतं. शटरचे वेग दोनच, सेकंदाचा २०० वा भाग आणि ४० वा भाग. उजेड अगदीच कमी असेल तर डोळा लावून बघायच्या खिडकीत लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. १९६७ साली बाजारात आलेल्या यंत्रात एवढी अक्कल भरलेली आहे, हे सांगताना तुमचा चेहरा मी बघत होते. स्वतःच्या मुलाचं कौतुक करावं तसं तुम्ही बोलत होतात.

जुना बाजार फिरणाऱ्यांसाठी तुमची परीक्षा इथे लिहून ठेवते. ट्रिप हातात आली की आधी भिंगावरची उजेडाची कडी ‘ए’वर, म्हणजे ऑटोमॅटिकवर, आणायची. तळहाताने भिंग पूर्ण झाकायचं आणि बटण दाबायचं. लाल पट्टी वर आली पाहिजे, खटका पडता कामा नये. मग उजेडाकडे धरून दाबायचं, आता खटका पडला पाहिजे. दोन्ही झालं तर सेल जिवंत आहे. मग मागचं झाकण उघडून खटका मारताना भिंगाच्या आतली पाती बघायची. त्यांच्यावर तेल उतरलेलं असेल तर ती चिकटून बसतात आणि सगळे फोटो एकाच मापाने निघतात. शेवटी भिंग उजेडात तिरकं धरून आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, मग सांगितलेल्या किमतीला कॅमेरा घ्यायचा नाही. या चार गोष्टींना दोन मिनिटंही लागत नाहीत. त्या मला आधी माहीत असत्या तर कपाटातल्या नऊपैकी पाच मी घेतलेच नसते.

आणि ती तारीख! फिल्म दाबून धरणारी मागची काळी पट्टी तुम्ही अलगद सरकवून काढलीत आणि तिच्याखाली छापलेली तीन अक्षरं दाखवलीत. एन, सहा, सात. पहिलं अक्षर कारखान्याचं, मधला आकडा वर्षाचा, शेवटचा महिन्याचा. ‘सहा म्हणजे सहासष्ट की शहात्तर?’ असं तुम्हीच मला विचारलंत आणि गप्प बसलात. मी जरा विचार करून म्हटलं, सहासष्ट साली हा कॅमेरा आलाच नव्हता, म्हणजे शहात्तर. जुलै १९७६. तुम्ही मान हलवलीत. शाळेत पैकीच्या पैकी मिळाल्यावर झाला नसेल एवढा आनंद मला त्या मान हलवण्याने झाला.

झाकणाच्या खाचेतला उजेड अडवणारा जुना स्पंज डांबरासारखा चिकट झाला होता. तो तुम्ही स्पिरिट लावलेल्या काडीने खरवडून काढलात. नवीन काय लावणार, असं मी विचारलं तर म्हणालात, ‘घरी विणकाम कोण करतं?’ आजी करते. तिच्या टोपलीतून काळ्या लोकरीचा वीतभर धागा आणायला सांगितलात आणि तो खाचेत बसवलात. आजही तोच आहे, आणि उजेडाची एक रेघसुद्धा फिल्मवर आलेली नाही. आजीला मी हे सांगितलं तेव्हा तिने कॅमेरा हातात घेऊन तो धागा बोटाने चाचपून बघितला.

एमएफ-२ दुरुस्त करायला मी घरीच स्क्रू काढायला घेतले होते, तेव्हा तुम्ही फोनवर माझ्यावर ओरडलात. त्याबद्दल तर विशेष आभार. पेन्सिल सेल काढून टाकले की धोका संपला, अशी माझी समजूत होती. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली राहू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं. फ्लॅशवाला कुठलाही कॅमेरा मी तेव्हापासून उघडत नाही आणि कोणाला उघडू देत नाही. सेल गळून संपर्काच्या पट्ट्या गंजल्या असतील तर पॉलिश पेपरने त्या घासते, तेवढीच माझी हद्द.

आमचं घर राजापूरकडचं. तिथला पाऊस कॅमेऱ्याला किती वाईट, हे तुम्ही सांगेपर्यंत मी कॅमेरे चामड्याच्या कव्हरात जपून ठेवत होते. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथेच जोर धरते, हे ऐकल्यावर सगळी कव्हरं वेगळी काढली. आता कॅमेरे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येकाला बाहेर काढून दहा-बारा खटके मारायचे, हा तुमचा नियमही पाळते.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात. कपाटाचा फोटो मी मोठ्या हौसेने दाखवला होता. तुम्ही बराच वेळ बघितलात आणि विचारलंत, ‘यातल्या कितींत रोल आहे?’ एकातही नव्हता. ‘मग दर महिन्याला एकात घाल. ज्यात घालावासा वाटणार नाही तो देऊन टाक, कोणीतरी वापरेल.’ एका रोलला आणि धुण्याला मिळून हजाराच्या वर जातात, तेव्हा नऊ कॅमेरे चालवणं मला परवडणारही नव्हतं. आज माझ्याकडे तीन आहेत. ट्रिप, आईबाबांच्या लग्नानंतर घरात आलेली एमएफ-२ आणि एक कोनिका. बाकीचे सहा सहा घरी गेले, आणि त्यातले निदान चार तरी चालू आहेत. एक भाचीकडे आहे. ती अकरा वर्षांची आहे आणि तिला लाल पट्टीचं गुपित माहीत आहे.

पंच्याहत्तरी काही परत येणार नव्हती. म्हणून रोल घालायला शिकल्यावर मी गावी गेले आणि आजीबरोबर चार दिवस राहिले. काही कार्यक्रम नव्हता. ती पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी ट्रिपची अंतराची कडी दोन माणसांच्या चित्रावर आणली, म्हणजे दीड मीटर, आणि पायरीवर बसले. ‘दाखव कसा आलाय,’ ती म्हणाली. दाखवण्यासारखं काही नव्हतं. मग ती पुन्हा सुपाकडे वळली आणि तिने माझ्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. खरे फोटो त्यानंतरचे आहेत. स्वयंपाकघरातला एक हललेला आहे, कारण तिथे शटर ४० वर उतरलं आणि ती भाकरी थापत होती. चेहरा स्थिर, डोळे परातीकडे आणि दोन्ही हात पुसट. तुम्ही सगळे फोटो बघून तोच बाजूला काढलात आणि म्हणालात, ‘हा मोठा करून घे.’ केला. आजीने तो पोथीत ठेवलाय. पाहुणे आले की काढून दाखवते आणि सांगते, ‘यात माझी लोकर आहे.’

त्या पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीत, ‘काही बिघडलंच नव्हतं तर पैसे कसले’ म्हणून. स्पंज बदलण्याचे आणि पाती साफ करण्याचे तीनशे घेतलेत, आणि उटीच्या ‘इंदू’ फिल्मच्या गोष्टी वर सांगितल्यात. हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ते रोल तुम्ही अंधारखोलीत कसे धुवायचात, पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत म्हणून रात्रभर पंख्याखाली कसे बसायचात, ते मला अजून पुरतं ऐकायचं आहे. मागच्या वेळी मध्येच गिऱ्हाईक आलं.

ट्रिपमध्ये सध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल आहे, एकतीस झाले आहेत. उरलेले पाच तुमच्या खोलीत काढायचे आहेत. खिडकीजवळच्या टेबलावर तुम्ही सकाळी अकराच्या सुमारास बसता तेव्हा लाल पट्टी येत नाही, मागच्या खेपेला मी बघून ठेवलंय. तुम्ही फोटोला नाही म्हणता हे माहीत आहे. चेहरा नको असेल तर हातांचे काढेन. बुधवारी येते, आजीने कुळीथ पीठ दिलंय तेही आणते.

तुमची,
ट्रिपवाली