सड्यावरच्या वळणावर शिट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या आप्पांना

आप्पा, नमस्कार.

हे खरं तर घरी येऊनच सांगायचं होतं, पण तुम्ही मधेच "बस रे, चाय ठेवूक सांगतंय" म्हणून विषय बदलला असतात हे मला माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. तुमची नात वाचून दाखवेलच.

देवगडकडे सड्यावर, म्हणजे आपल्या कातळाच्या पठारावर, गाड्यांची रॅली होणार म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांमधून लोक लोटणार हे दिसतच होतं. भातकापणी उरकलेली, सुट्टीचा दिवस, आणि यूट्यूबवर बघितलेल्या गाड्या प्रत्यक्ष आपल्या तांबड्या रस्त्यावरून जाणार. पण रॅली म्हणजे स्टेडियम नाही, तिथे जाळी नसते, भिंत नसते, रस्ता बंद करतात आणि एकेक गाडी घड्याळाच्या हिशोबाने सोडतात आणि बघणारा माणूस कुठे उभा राहतो त्यावरच अर्धी सेफ्टी असते. आयोजक बाहेरचे होते, माणसं चांगली, कागदपत्रं, अँब्युलन्स, फायरची गाडी सगळं व्यवस्थित, पण आमचा सडा त्यांना काय माहीत?

आदल्या संध्याकाळी ते नकाशा घेऊन आले तेव्हा नकाशात मोठे फाटे तेवढे दाखवलेले. तुम्ही चष्मा लावून बघितलात आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "आणि ह्यो पाणंदी खंय गेल्यो?" मग अंधार पडेपर्यंत त्यांना चालवत नेलंत आणि बागेतून रस्त्यावर उतरणारी एकेक पायवाट दाखवलीत, कुठली राखणदाराची, कुठली गुरांची, कुठून पोरं सायकल दामटतात, आणि प्रत्येक तोंडावर त्याच वाडीतला एक माणूस उभा करायला लावलात. ह्याचं महत्त्व किती ते मला त्याच क्षणी कळलं, कारण 2019 साली जोधपूरच्या राष्ट्रीय रॅलीत नेमकं हेच झालेलं, बंद केलेल्या रस्त्यावर एक कुटुंब बाइकवरून आलं, समोरून स्पर्धेची गाडी, तिघं जागीच गेली. टेप लावली म्हणजे रस्ता बंद झाला असं नसतं, ज्याची रोजची वाट आहे तो टेप उचलून खालून जाणारच.

आणि मग दुसऱ्या दिवशी तुम्ही वळणावर. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला गर्दी हलवायला शिकवायला लागत नाही हे मी डोळ्यांनी बघितलं. जन्मभर "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणालात आणि त्या दिवशी सकाळपासून फक्त उलटं, "मागे सरा रे, मागे मोप जागा आसा". ना शिवी, ना आरडाओरडा. पोलीस ओरडले की लोक दोन पावलं मागे जातात आणि पाठ फिरली की तीन पुढे येतात, तुमच्या समोर मात्र सरकलेला माणूस सरकलेलाच राहत होता, ही काय जादू आहे ते एकदा शिकवा.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यांना उभं राहायचं होतं, कारण रील तिथूनच भारी येते, गाडी समोरून आडवी घसरत येताना दिसते. पण ती घसरून जाणार ती त्याच बाजूला ना! आपल्या रस्त्यावर जांभ्याची सुटी बारीक खडी, टायरला पकड नाही, ब्रेक थोडा उशिरा लागला की गाडी बाहेरच फेकली जाते. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर, मोबाईलमधून डोकं वर काढेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आतल्या कडेलाही चिकटून चालत नाही, गाड्या वळण कापतात. तुम्ही सगळ्यांना आतल्या बाजूच्या उंचवट्यावर नेलंत, रस्त्यापासून लांब, पाठीमागे पळायला जागा मोकळी, आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पाय सोडून बसलेल्या पोरांना उतरवलंत, का तर बसलेल्या माणसाला उठायलाच वेळ जातो. हे कुठल्या पुस्तकात वाचलं होतंत? बाहेरच्या देशांतले सेफ्टीवाले प्रेक्षकांना अगदी हेच सांगतात.

मला रॅलीचं वेड कॉलेजपासून, त्यामुळे 1986 च्या पोर्तुगालचे व्हिडिओ मी खूप बघितलेत. माणसांनी भरलेला रस्ता, गाडी आली की गर्दी दुभंगायची, गाडी गेली की मिटायची, हात लावायला पुढे येणारे वेगळेच. ड्रायव्हरला वाटायचं लोक सरकतील, लोकांना वाटायचं ड्रायव्हर बघून घेईल. शेवटी सिंत्राच्या डोंगरात एक फोर्ड आरएस 200 गर्दीत घुसली, तिघं मेली, तीसहून जास्त जखमी, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांनी त्या रात्री एकत्र बसून सांगितलं की आम्ही पुढे चालवणार नाही. दोन महिन्यांत कॉर्सिकाच्या रॅलीत टोइवोनेन हा फिनलंडचा ड्रायव्हर आणि त्याचा को-ड्रायव्हर गेला आणि ग्रुप बी च्या, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात ताकदवान रॅली-गटातल्या, त्या राक्षसी गाड्यांवर बंदी आली. सगळे त्या गाड्यांना दोष देतात. गाड्या गेल्या, पण पुढेही 2014 ला स्कॉटलंडमध्ये तीन प्रेक्षक गेले, 2015 ला स्पेनमध्ये आ कोरुन्याला सात. तिथे तर सगळं शिस्तीचं म्हणतात.

बरं, सुरुवातीच्या त्या तीन शून्य, दोन शून्य, एक शून्य नंबरच्या गाड्या. रस्ता मोकळा आहे का बघायला त्या पुढून जातात, आणि लोकांना वाटलं झाली रेस सुरू, ही गेली आता रस्ता ओलांडू. तुम्ही काय म्हणालात, "ही सिंगल बेल रे, डबल अजून मारूक नाय!" अख्खा उंचवटा हसला आणि एकही माणूस खाली उतरला नाही. आयोजकांनी एवढे बोर्ड लावले होते, ते कोणी वाचले असतील असं मला वाटत नाही.

पण मला आभार मानायचेत ते मुख्यतः दुपारच्या प्रकाराचे. ती पांढरी गाडी आली, मागची बाजू सुटली, गडग्यावर आपटली, दगड उडाले आणि सकाळी जिथे रील काढणाऱ्यांची रांग होती त्या गवतात जाऊन पडले, गाडी रस्त्यात आडवी होऊन नाक गटारात. लोक धावले. वाईट हेतूने नाही हो, आपल्याकडे गाडी अडकली की हात लावायला धावणं हे रक्तातच आहे. पण मागची गाडी दोन मिनिटांच्या अंतराने सुटलेली, धुरळ्यात समोरचं काही दिसत नाही. तुम्ही दोन्ही हात पसरून उभे, शिट्टी, आणि "कोणी रस्त्यार पाय टाकूचो नाय! गाडी काय तुका बघून थांबतली?" मी वॉकीटॉकीवर कळवत होतो तेवढ्यात आतून दोघं बाहेर आले, ठीक असल्याचा बोर्ड दाखवला, वळणाच्या बऱ्याच आधी धोक्याचा त्रिकोण नेऊन ठेवला. मागची गाडी आली, त्रिकोण बघून हळू झाली, कडेने निघून गेली. स्टार्टवरून पुढच्या गाड्या रोखल्याचा निरोप मी सांगितला, तेव्हा कुठे तुम्ही बोट दाखवून माणसं निवडलीत, "तू, तू, आणि तो चेक्सच्या शर्टवालो", आणि गाडी मागे ढकलून सरळ केलीत. रस्त्यावर चारच माणसं. बाकी पन्नासजण उंचवट्यावरून सल्ले देत होते, ते चालायचंच.

संध्याकाळी काहीजण कुरकुरत होते की म्हाताऱ्याने मजा घालवली, हा कोण लागून गेला. त्यातल्या एकाने नंतर पडलेल्या दगडांचा फोटो काढून स्टेटसला लावला, त्याला मी काही बोललो नाही.

पुढच्या डिसेंबरला परत करायचं चाललंय. मला विचारलं, मी म्हटलं आधी आप्पांना विचारा, ते हो म्हणाले तर बघू. आणि ते मार्शलचं जॅकेट यंदा तुमच्या पोटावर बसत नव्हतं, पुढच्या वेळी मोठ्या साइजचं मागवायला सांगितलंय, नाही म्हणू नका.

तुमचा,
खालच्या वाडीतला वॉकीटॉकीवालो