पेढीत येण्यापूर्वी

गांधीबाग, नागपूर

चि. गौरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीनंतर पुण्याची नोकरी सोडून तू आपल्या कापडाच्या पेढीत येणार, याचा मला मनापासून आनंद झाला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क असल्याचे हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने मान्य केले आहे, तेव्हा हिश्श्याचा प्रश्न नाही. पण गादीवर बसून निर्णय देणाऱ्याचे ऐकायचे की नाही, हे पेढीतील माणसे त्याचे काम पाहूनच ठरवतात. म्हणून पहिले वर्षभर मुनीमजींच्या हाताखाली बस, कापडाच्या गाठी उघडताना उभी राहा आणि वसुलीसाठी वर्धा-यवतमाळच्या दुकानदारांकडे स्वतः जा.

रात्री शटर ओढण्यापूर्वी मुनीमजी रोजमेळ, म्हणजे दिवसभराच्या रोख जमाखर्चाचा हिशेब, जुळवतात, तो नीट पाहा. घरातील कोणीही गल्ल्यातून पाचशे रुपये घेतले, तरी ते त्याच्या नावे उचल म्हणून पडतात. ही शिस्त मोडली की आधी हिशेब बिघडतो आणि मग भाऊबंदकी सुरू होते. तुलाही कामाप्रमाणे ठरावीक पगार मिळेल, आणि तो तुझ्या चुलतभावाच्या पगाराहून वेगळा असला तर त्याचे कारण दोघांनाही आधी सांगितले जाईल.

भागीदारीविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. भागीदारी कायदा १९३२च्या कलम ४२ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आपल्याकडे तुझे काका आणि मी असे दोघेच भागीदार आहोत. तेव्हा करारात काहीही लिहिले, तरी एक गेल्यावर मागे उरलेल्या एकट्याची भागीदारी राहूच शकत नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (रोजच्या व्यवहारासाठी लागेल तसे उचलायच्या कर्जाची मर्यादा), जीएसटी नोंदणी, सुरतच्या व्यापाऱ्यांची उधारी, सारे त्याच फर्मच्या नावावर आहे. म्हणून आम्ही दोघे धडधाकट असतानाच तुला आणि तुझ्या चुलतभावाला भागीदार करून घ्यावे, आणि कोणाला बाहेर पडायचे झाल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, हेही लेखी ठरवावे, असे मी काकांपाशी बोललो आहे.

काकांशी तुझे मतभेद होतील. ते गिऱ्हाईक किंवा नोकरांसमोर कधीही काढू नकोस. माडीवर बसून बोला.

कराराचा मसुदा वकिलांनी दिला आहे. तो सोबत पाठवत आहे. सही करण्याआधी प्रत्येक कलम वाच आणि जे पटणार नाही ते निःसंकोच कळव.

तुझे,
बाबा