अण्णांचा फिल्टर नऊ दिवस कुठे होता?

महोदय,

मुंबईजवळच्या आमच्या उपनगरात स्टेशनबाहेर एक अण्णा फिल्टर कॉफी विकतात. घडीचं टेबल, पितळी फिल्टर, शेगडी आणि दुधाचं पातेलं, एवढंच दुकान. पावडर माटुंग्याहून लोकलने आणतात. पिशवी बांधलेली असली तरी डब्यात वास दरवळतो. पहाटे चारला वरच्या भांड्यात पावडर दाबून बसवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, थेंब थेंब खाली उतरेपर्यंत गप्प बसायचं. साडेपाचची गाडी पकडणारे त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. पेला वीस रुपयांना.

गेल्या वर्षी समोरच एका मोठ्या साखळीचं कॉफी शॉप उघडलं. ‘आता अण्णांचं कसं होणार?’ असं जो तो म्हणू लागला. काही झालं नाही. तिथे तीनशे रुपयांत खरं तर खुर्ची मिळते, एसी मिळतो, स्वच्छतागृह मिळतं. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर तिथेच बसते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ऑक्टोबर २०१२मध्ये हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स आलं, तेव्हाही आम्ही ऑफिसात अशीच भाकितं केली होती. फोर्टात सायकलला थर्मास लटकवून कॉफी विकणारे आजही फिरताहेत.

भावाचा चटका मात्र बसला. २०२४-२५मध्ये ब्राझील-व्हिएतनामच्या दुष्काळानंतर कॉफी जगभर महागली. साखळीने बिलात वीस रुपये वाढवले तर कोण बघतो? अण्णांनी विसाचे पंचवीस केले असते तर रांगेत कुरकूर झाली असती. त्यांनी पावडरीत मिसळायची स्वस्त चिकोरी थोडी वाढवली. मला चवीत कळलं, पण बोललो नाही.

खरी स्पर्धा फुटपाथची आहे. त्या दुकानाने दाराबाहेर दोन टेबलं, चार खुर्च्या आणि झाडांच्या कुंड्या मांडल्यात. लोक त्यांना वळसा घालून रस्त्यावरून चालतात. महिन्यापूर्वी अतिक्रमणाची गाडी आली आणि अण्णांचं सामान उचलून गेली. कुंड्यांना कुणी हात लावला नाही. जप्तीची यादी मागितली तर ‘नंतर या’. दंड भरला, चार खेपा मारल्या, तेव्हा नवव्या दिवशी फिल्टर परत आला, तोही चेपलेला.

पथविक्रेता कायदा २०१४चा आहे. त्याच्या कलम १९नुसार जप्त सामानाची सही केलेली यादी विक्रेत्याला द्यावी लागते आणि ठरलेलं शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणा विक्रेत्याला हटवता येत नाही, हेही त्यातच आहे. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हायला हवं. अण्णा अकरा वर्षं त्याच खांबाखाली उभे आहेत. त्यांच्याकडे वही-पेन घेऊन आजवर कुणी फिरकलेलं नाही. प्रमाणपत्र कुठून आणायचं?

साखळीला हाकला, असं माझं म्हणणं नाही. तिच्या कुंड्या दाराच्या आत जाव्यात आणि आमच्या स्टेशन परिसराचं सर्वेक्षण कधी होणार, याची तारीख संबंधितांनी आपल्या दैनिकातून जाहीर करावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला,
एक वाचक