अलॉटमेंटच्या नोटिशीबाबत सभासदांना सूचना

इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलच्या अलॉटमेंटवर, म्हणजे लागवडीसाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर (प्लॉटवर), भाजीपाला पिकवणाऱ्या सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे की, प्लॉटसंबंधी आलेले कोणतेही पत्र न वाचता बाजूला ठेवू नये. अलॉटमेंटविषयीच्या १९०८ च्या कायद्यानुसार भाडे ४० दिवस थकल्यास, किंवा भाडेकरार सुरू होऊन तीन महिने उलटल्यानंतर नियमभंग आढळल्यास, कौन्सिल एका महिन्याच्या नोटिशीवर करार संपवू शकते; असे कारण नसेल तर १९२२ च्या कायद्यानुसार साधारणपणे किमान १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

वाद बहुतेक वेळा ‘प्लॉट कसलेला नाही’ या आरोपावरून होतो. मार्चमध्ये मेथी-कोथिंबिरीसाठी खणून ठेवलेला वाफा पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला मोकळीच जमीन वाटू शकते, म्हणून तारखेसह फोटो काढून ठेवावेत. आजारपणामुळे किंवा भारतात दीर्घकाळ जाण्यामुळे मशागत थांबणार असेल, तर तसे आधीच लेखी कळवावे. हे फार जण विसरतात, आणि परतल्यावर कमरेएवढे तण व दारात नोटीस पाहून हळहळतात.

नोटीस अन्यायकारक वाटल्यास मुदतीत लेखी उत्तर देऊन कौन्सिलच्या तक्रार प्रक्रियेतून दाद मागावी. त्यानंतरही समाधान न झाल्यास स्थानिक शासनाच्या लोकपालाकडे, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे (ओम्बड्समन), जाता येते. टाउन व पॅरिश कौन्सिलांविरुद्धच्या (लहान गाव-पातळीवरील कौन्सिलांविरुद्धच्या) तक्रारी मात्र तेथे घेतल्या जात नाहीत. प्लॉट सोडावाच लागला, तर स्वखर्चाने लावलेली फळझाडे आणि बांधलेली शेड करार संपण्यापूर्वी काढून नेता येते, मात्र त्यामुळे जमिनीचे झालेले नुकसान भरून द्यावे लागते.