माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर आम्हाला द्या

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या माडीवरची मागची खोली यंदा रिकामी झाली. तिथे शाळकरी मुलांसाठी छोटी प्रयोगशाळा उभी करतो आहोत. विषय एकच: हलतं दृश्य डोळ्यांना आणि हलता आवाज कानांना कळतो कसा.

सगळ्यात आधी हवाय जुना रेकॉर्ड प्लेअर. वाजला नाही तरी चालेल, फिरला पाहिजे. आणि ७८चा (मिनिटाला ७८ फेऱ्यांचा) वेग असलेलाच हवा. पुठ्ठ्याच्या गोल डब्याला १२ फटी, आत धावत्या घोड्याची १२ चित्रं. ७८वर फिरवला की सेकंदाला पंधराएक चित्रं डोळ्यांसमोरून जातात आणि घोडा पळतो. ३३वर तोच घोडा अडखळतो. मागच्या महिन्यात हा डबा आम्ही टेबल फॅनच्या मोटरवर बसवून पाहिला. उडून थेट खजिनदारांच्या चहात! म्हणून ही विनंती.

डॉक्टर मंडळींनी जुने स्टेथोस्कोप द्यावेत. कानात घालायची टोकं तेवढी कामाची. दीड मीटर रबरी नळीला ती बसवायची, नळी पाठीमागे सोडायची आणि मध्यावर पेन्सिलीने टकटक करायची. मध्यापासून तीन सेंटिमीटर उजवीकडे सरकलं, की डोळे मिटलेली पोरं उजवा हात वर करतात. दोन कानांत आवाज पोहोचण्यातला फरक असतो सेकंदाचा जेमतेम साडेपाच हजारावा भाग.

१८४५मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उत्रेख्तजवळ धावत्या रेल्वेत तुताऱ्या वाजवायला लावल्या आणि रुळांकाठी स्वर ओळखणारे वादक उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढलेला आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, हे त्यांनी ताडून पाहिलं. आपल्या गावाला रेल्वे नाही. सुतळी आणि बझर आहे. मीटरभर सुतळीला बांधून सेकंदाला दोन फेऱ्या फिरवला, तर खाली-वर मिळून सा ते कोमल रे एवढा फरक ऐकू येतो. तो ताडून पाहायला एक सुरात असलेली पेटी हवी. गाणं शिकलेलं कुणी शनिवारी तासभर बसलं, तर पेटीहून बरं.

पैसे लागतील ते लुकलुकणाऱ्या स्ट्रोब दिव्यासाठी आणि दोन माइकसाठी. जमेल तेवढे द्या, पावती मिळेल. स्ट्रोबने काहींना फिट येऊ शकते, त्यामुळे पालकांना विचारल्याशिवाय तो कुणालाही दाखवणार नाही.

वस्तू संध्याकाळी ५ ते ८ वाचनालयात आणून द्याव्यात. जड असेल तर नुसता निरोप धाडा, पोरं हातगाडी घेऊन येतील.

आपली,
विज्ञान समिती, सार्वजनिक वाचनालय